वाळूतली सवत

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "बाई, दुबई कशी आहे हो?" शाळेत तर मधल्या सुट्टीत बाकीच्या बाया डबे उघडायच्या आधी माझ्याभोवती कोंडाळं करतात. त्याच त्याच गोष्टी सांगून माझा घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून काढते. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं. पण आधीच सांगते, मी देश बघायला गेले नव्हते. मी माझा नवरा आणायला गेले होते.

यांना तिकडे जाऊन नऊ वर्षं झाली. दोन वर्षांतून एकदा येतात, महिना-सव्वा महिना राहतात आणि पुन्हा बोट. गेल्या खेपेला आमच्या सलमाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "हा करार संपला की खलास. कायमचा घरी." मी त्या शब्दावर दिवस काढत होते. आणि मग त्यांच्या पत्रांतून बाग यायला लागली. ओकादा नावाचे एक जपानी इंजिनिअर अबुधाबीत रस्त्यांची आखणी करतात, हे त्यांच्या हाताखाली मुकादम आहेत. साहेबांनी राहत्या घराच्या अंगणात जपानी पद्धतीची बाग करायला घेतली आणि आमच्या यांना वेड लागलं. 'आज एक दगड बसवला.' पुढच्या पत्रात, 'तो दगड उचलून वीतभर डावीकडे घेतला, आता बरा दिसतो.' माझी आणि पोरीची खुशाली शेवटच्या दोन ओळींत, कागद उरला तर. करार संपत आला तरी परतीचं नाव नाही. शेवटी मी बिनपगारी रजा टाकली, सलमाला माझ्या आईकडे सोडलं आणि मुंबईहून बोटीत बसले.

बोटीचं वर्णन करत नाही. जी बोटीतून गेली आहे तिला ठाऊक आहे, आणि जी गेली नाही तिने उगाच जेवायच्या आधी वाचू नये.

देरा, दुबई

दुबईच्या मधोमध खाडी आहे. आपल्या दाभोळच्या खाडीपुढे ती काही मोठी नाही, पण गजबज अशी की काय सांगू. मचवे एकमेकांना खेटून उभे, त्यांतून भाताची पोती, चहाची खोकी, शेळ्यासुद्धा उतरतात. या काठावरून त्या काठावर माणसं छोट्या होडीतून उभ्याउभ्या जातात. जुन्या घरांवर चौकोनी मनोरे आहेत, ते वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतात. मी त्याखाली बसून पाहिलं, खरंच गार लागतं. आपल्याकडे कुणाला हे सुचलं नाही याचा मला रागच आला.

माझी चुलत नणंद जमीला देरा भागात राहते. तिच्याकडे मी उतरले. नवरात्राच्या पुढचे दिवस होते. आपल्याकडे तेव्हा घामाच्या धारा लागतात, तिकडे मात्र लोक म्हणत होते, हवा बदलली. सगळा उन्हाळा गच्चीवर झोपलेली माणसं गाद्या गुंडाळून खाली आणत होती. त्यांचा शरद ऋतू म्हणजे तेवढाच, गादी खाली आली की आला. जमीलाने सुरमईचं कालवण आणि सांदणं केली होती. तांदूळ कुठलाही असो, सांदण आपल्या हाताचं असलं की फुगतं. मला रडू आलं, पण मी ते कालवणाच्या तिखटावर ढकललं.

"भाभी, भाई उद्या येतोय तुला न्यायला," ती म्हणाली आणि हसायला लागली. "जा, जाऊन भेट तुझ्या सवतीला."

"कसली सवत?"

"ती बाग गो! जुम्म्याच्या सुट्टीला सगळी आपली माणसं इथे येतात, गप्पा ठोकतात, पत्ते खेळतात. भाई नाही. भाई वाळूला भांग पाडत बसतो."

मीही हसले. पण रात्रभर तो शब्द माझ्या घशात काट्यासारखा अडकून राहिला.

वाटेत, मिठाच्या जमिनीवर

हे आले ते साहेबांची लँड रोव्हर घेऊन. चालवायला उस्मान, आपल्या कुलाबा जिल्ह्यातला, श्रीवर्धनकडचा. मी नवी साडी नेसून, पिशव्या घेऊन दारात उभी. दोन वर्षांनी नवरा दिसत होता. केस पांढरे झाले होते, पण चेहरा तुकतुकीत. मला म्हणाले, "बरी आहेस ना? जरा थांब हां, धक्क्यावर जाऊन येतो." आणि गेले. परत आले तेव्हा गाडीत एक दगड होता. रास अल-खैमाच्या डोंगरातून लाँचने आलेला, काळसर, चपटा, आपल्या पाट्याहून थोडा मोठा. त्याला चक्क गोधडीत गुंडाळला होता. ती गोधडी मी शिवलेली होती.

मागच्या बाकावर दगड बसला आणि त्याच्या शेजारी मी. आता मला सांगा, हे मला न्यायला आले होते की दगडाला? मी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती वाटली.

दुबई ते अबुधाबी धड रस्ता नाही. समुद्राच्या कडेने मैलोगणती सपाट जमीन आहे, तिला तिकडे साबखा म्हणतात. वरून मिठाचा पापुद्रा, आत चिखल. कोरडी असली तर गाडी धावते, ओली लागली तर चाक आत. उस्मान 'बिस्मिल्ला' म्हणत, कडेकडेने चालवत होता, तरी दुपारी व्हायचं ते झालंच. मागची चाकं रुतली. उस्मानने टायरांतली थोडी हवा सोडली, फळ्या घातल्या, आणि म्हणाला, "वजन कमी करायला हवं, कासिमभाई."

हे वळून मला म्हणाले, "सकीना, उतर गो जरा."

मी उतरले. पिशव्या उतरल्या. पाण्याचा डबा उतरला. चपला मिठात रुतत होत्या, डोक्यावर ऊन, सावलीला काडी नाही. मी म्हटलं, "आणि तो?"

"कोण?"

"तो बसलाय तो."

"अगो, तो उचलायचा म्हणजे कोपरा फुटायचा," हे म्हणाले.

उस्मान तोंड फिरवून हसला. गाडी निघाली, घट्ट जमीन लागेपर्यंत थांबवता येईना, म्हणून बरीच पुढे गेली. मी पदर डोक्यावर घेऊन मागून चालत होते आणि माझ्या गोधडीत बसून दगड पुढे चालला होता. घरी विहिरीचा कठडा ढासळून तीन पावसाळे झाले. माझ्या नवऱ्याने रजेवर येऊन कधी त्यातला एक चिरा सरळ केला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बाईमाणूस दगडावरसुद्धा जळू शकतं.

अबुधाबी

खाडी ओलांडून गावात शिरलो तेव्हा ऊन उतरत होतं. अबुधाबी अजून बांधून व्हायची आहे. तेल निघाल्यापासून जिकडे बघाल तिकडे सिमेंटची पोती, लोखंडाच्या सळया, अर्धवट भिंती आणि पुढे वाळूत संपणारे रस्ते. ते रस्ते आखायला आमच्या यांनीच मदत केलीय म्हणे. जाताना प्रत्येक कोपरा मला दाखवत होते, आणि तिथले लोक त्यांना सलाम करत होते. तिकडे त्यांना 'कासिम-सान' म्हणतात. सान म्हणजे आपल्याकडे राव म्हणतात तसं काहीतरी.

ओकादासाहेबांचं घर मोत्यांच्या कुणा जुन्या व्यापाऱ्याचं होतं, समुद्रातल्या दगडांच्या भिंतींचं. मागच्या बाजूला यांची खोली. दार उघडलं आणि मी चमकले. सुकटीचा वास! साहेबांच्या स्वयंपाकघरात वाळवलेल्या माशाचं पाणी उकळत होतं, जपानी लोक त्याची आमटी करतात. आपल्या ओसरीवर पावसाळ्यात येतो तोच वास, परक्याच्या घरात. बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, म्हणजे याला इथे घरचा वाससुद्धा मिळतो, मग घर कशाला आठवेल?

"चल, बाग दाखवतो," हे म्हणाले. आवाज असा की लग्नानंतर पहिल्या ईदला मला साडी दाखवताना लागला होता.

अंगण आपल्या खळ्याएवढं. त्यात पांढरी वाळू, तिच्यावर दाताळ्याने ओढलेल्या लांबच लांब रेघा, आणि मध्ये तीन ठिकाणी दगड. फूल नाही, पाण्याचा थेंब नाही. कोपऱ्यात एकच झाड.

"बाग कुठाय?" मी विचारलं.

"हीच."

मी झाडाकडे नीट पाहिलं. अहो, बदाम! आपला शाळेच्या आवारातला, रस्त्याच्या कडेचा, ज्याच्याखाली गाढवं उभी राहतात तो बदाम. त्याची काही पानं लाल झाली होती, काही तांब्याच्या रंगाची. साहेबांच्या देशात या दिवसांत डोंगरच्या डोंगर लाल होतात म्हणे, लोक शिदोऱ्या बांधून बघायला जातात. या मुलखात पान लाल होणारं दुसरं झाड मिळेना, म्हणून बदाम असलेलं हे घर साहेबांनी भाड्याने घेतलं. आपण ती पानं झाडून जाळतो. हे मला सांगत होते, "काल सकाळी अकरा पानं होती. तुझ्या येण्यापर्यंत आणखी दोन झाली बघ."

आणि मग त्यांनी चपला काढल्या. काठाकाठाच्या दगडांवर पाय ठेवत, वाळूला नखसुद्धा न लावता झाडापर्यंत गेले. मी बघतच राहिले. बायांनो, घरी पहाटे मी खराटा मारते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खळ्यात रेघा उठतात, एकही वाकडी नसते. पंधरा वर्षं हा माणूस ओल्या चपला घालून त्या रेघांवरून फटाफटा चालत गेलाय. एकदा म्हणाला नाही की सकीना, सुबक झाडलंस. आणि इथे दुसऱ्याच्या रेघांसाठी अनवाणी!

"झाड आपल्याकडचं," मी म्हटलं, "दगड रास अल-खैमाचे, वाळू अबुधाबीची, घाम तुमचा. यात जपानी काय आहे हो?"

"बसून बघणं," हे म्हणाले. "आपण बसून बघत नाही गो."

मला बसायला वेळ कुणी दिला होता, हे मी गिळलं.

शुक्रवार

शुक्रवारी हे जुम्म्याच्या नमाजाला गेले. साहेब सकाळीच कुठल्याशा मोजणीला गेले होते. नवा दगड दोघांनी आदल्या दिवशी बसवला होता, ओट्याजवळ, चांगला तासभर इकडे-तिकडे करत. मी एकटी ओट्यावर बसले. म्हटलं, बघू या बसून काय दिसतं ते. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग झाडाखाली पडलेले बदाम दिसले, पिकलेले, जांभळट लाल.

आता आपल्या मुलखातल्या कुणाही बाईला विचारा. पिकला बदाम पडलाय, शेजारी पाट्यासारखा चपटा दगड आहे, तिथेच हातात मावेल असा दुसरा गुळगुळीत दगड आहे. काय कराल? मी तेच केलं. ओंजळभर बदाम वेचले, फतकल मारून बसले आणि फोडायला लागले. ठाक, ठाक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. दगडाला लाल रस लागला, टरफलं वाळूत उडाली, गर मी एका पानावर जमवत होते. सलमाला किती आवडतात, हे आठवत होतं.

"उठ तिथून!"

हे दारात उभे. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "अक्कल गहाण टाकलीस काय? तो दगड काय बदाम फोडायला आणलाय?"

"मग कशाला आणलाय? मला चालवत आणून त्याला बसवून आणलात, तो कशाला?" मीही उठले नाही. "फोडणार! अजून दोन राहिलेत."

तेवढ्यात मागून ओकादासाहेब आले. साठीचा, किरकोळ बांध्याचा माणूस. त्यांनी दगडाकडे पाहिलं, टरफलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. यांचा चेहरा पांढराफटक. साहेब माझ्यासमोर उकिडवे बसले, पानावरचा एक गर उचलला आणि तोंडात टाकला. दुसरा यांना दिला. मग आत जाऊन चहा घेऊन आले. हिरवा, कडू, साखर नाही, दूध नाही. तो चहा का पितात ते मला अजून कळलेलं नाही, पण त्या वेळी मी मुकाट्याने प्याले.

साहेब मोडक्या इंग्रजीत बोलत, हे मला मराठीत सांगत. साहेबांनी खिशातून फोटो काढला. त्यांची बायको, गुडघ्यांवर बसलेली, मागे झाडंच झाडं. काळापांढरा फोटो, तरी साहेब प्रत्येक झाडावर बोट ठेवून सांगत होते, हे लाल, हे लाल, हे पिवळं. त्यांचं इथलं काम संपत आलं होतं. पुढच्या आठवड्यात ते विमानाने घरी चालले होते, पानं गळायच्या आत.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. साहेब चालले म्हणजे बाग संपली. बाग संपली म्हणजे हे सुटले.

मग साहेब काहीतरी लांबलचक बोलले आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे भाषांतर करेनात.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

पण मला 'कासिम-सान' कळलं, 'गार्डन' कळलं, आणि 'न्यू काँट्रॅक्ट' तर आमच्या गावच्या कोंबड्यांनासुद्धा कळतं. साहेब बायकोकडे चालले होते आणि त्यांची बाग राखायला माझा नवरा मागे ठेवून जात होते. मी त्या फोटोतल्या बाईकडे बघितलं. मला तिचा असा हेवा वाटला, असा हेवा वाटला, की सगळी लाल झाडं तिच्या डोक्यावर पडावीत असं वाटलं. तिचं काय चुकलं होतं? काही नाही. तिचा नवरा घरी येत होता, एवढंच.

साहेबांनी मला विचारलं. हे म्हणाले, "बाग कशी वाटली, विचारतायत."

"सांगा, बाग छान आहे. आता माझा नवरा मला परत द्या."

हे घुटमळले. मग म्हणाले, "शी सेज, व्हेरी नाईस गार्डन."

"नो, साहेब," मी म्हटलं. इंग्रजी मला येत नाही असं नाही, पाचवीच्या वर्गाला शिकवते. "आय से, गिव्ह माय हजबंड. होम."

साहेबांनी कप खाली ठेवला. यांच्याकडे बघून हळू आवाजात काही विचारलं. यांनी मान खाली घातली. मग साहेब माझ्याकडे वळून एकेक शब्द सुटा करून बोलले. त्यांनी यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, बायकोला विचार, ती हो म्हणाली तरच राहा. आणि यांनी सांगितलं होतं, बायको खूश आहे, बायकोच म्हणते राहा.

साहेब उठले, माझ्यापुढे कमरेत वाकले आणि आत निघून गेले.

म्हणजे त्या परक्याने माझा नवरा नेला नव्हता. नवराच राहिला होता. इतके महिने मी वाळूवर, दगडांवर, झाडावर जळत होते, आणि आता जळायला समोर कुणीच उरलं नाही.

"का?" मी विचारलं. "का सांगितलंत असं?"

हे खाली बसून टरफलं वेचायला लागले. मग बोलायला लागले. "गावात मला काय म्हणतात ठाऊक आहे? बाईंचे मिस्टर. घरी येतो तेव्हा सलमा तुला विचारते, अब्बा किती दिवस राहणार? मला नाही विचारत. आंबा कुणाला दिला, कौलं कधी परतली, सगळं मला पत्रातून कळतं. साखरेचा डबा कुठे असतो मला माहीत नाही. चहा करायला उठलो तर तू म्हणतेस, बसा हो, दमून आलाय तुम्ही. पाहुण्यासारखा खुर्चीत बसवतेस." त्यांचा आवाज फुटला. "ते घर तू उभं केलंस. एकटीने. मी जळतो गो तुझ्यावर. हे एवढंसं अंगण मी केलंय. इथे कुठला दगड कुठे, ते मला विचारतात."

मला वाटत होतं जळणं हे माझं एकटीचं काम आहे. राग गेला नाही, पण कुठे ठेवावा तेही कळेना.

"मग घरी या आणि साखरेचा डबा कुठे आहे ते शिका," मी म्हटलं.

"एक वर्ष दे."

"नाही देत."

निघताना

साहेब गेले. जाताना यांच्या हातात दाताळं दिलं आणि दोघेही लहान मुलांसारखे रडले. मी मागच्या खोलीत सामान भरत होते, मी पाहिलं नाही असं दाखवलं. परतीची बोट दुबईहून होती. त्या दिवसांत आम्ही दोघं अगदी जपून बोलत होतो. जेवायला काय, ऊन किती, उस्मान किती वाजता येणार. येणार की राहणार, हे मी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. साबखा या वेळी कोरडी होती, गाडी कुठे रुतली नाही. मला मनातून वाटत होतं की रुतावी.

धक्क्यावर गर्दी होती. जमीलाने खजुराची पिशवी माझ्या हातात कोंबली, गळ्यात पडून रडली आणि बाजूला झाली. हे गाडीतून सामान काढायला गेले. मी वळून बघितलं. गर्दीतून हे येत होते, खांद्यावर ट्रंक घेऊन. एकच ट्रंक होती, आणि ती माझी होती.

हमालाकडे ट्रंक देऊन हे माझ्यासमोर उभे राहिले. डोळे लाल. मला म्हणाले, "संभाळून जा. सलमाला सांग..." मग एकदम, शाळेतलं पोर गणित अडल्यावर विचारतं तसं विचारलं, "सकीना, पानं फार झडायला लागलीत. पाणी वाढवू काय गो?"

आमच्या शाळेच्या आवारात चार बदाम आहेत. पान गळायच्या दिवसांत बदामाला भरपूर पाणी घातलं तर मुळं कुजतात, हे मला पक्कं माहीत आहे. त्या खारट जमिनीत तर महिनाभरात झाड मेलं असतं. शब्द माझ्या जिभेवर आला होता. भरपूर घाला, सकाळ-संध्याकाळ घाला. मला कोण जाब विचारणार होतं?

"कमी करा," मी म्हटलं. "आठवड्यातून एकदाच घाला, तेही बुंध्यापासून लांब. नवी पालवी फुटेपर्यंत."

"बरं," हे म्हणाले.

बाहेर समुद्रात उभ्या बोटीपर्यंत नेणारी होडी सुटायला लागली, मी आत पाय टाकला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "आणि झाड मेलं तर लगेच तार करा! मी बंदरावर तुम्हाला न्यायला येईन."